सव्य-अपसव्य

गेल्या मंगळवारी माझ्याच गाळ्यात, माझ्याच खर्चाने बसवलेल्या पंख्याने माझ्याच तोंडावर संकेश्वरी मिरचीची पूड उडवली. समोर बाकावर बसलेल्या सात-आठ गिऱ्हाईक बायका पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. तो खोकल्यासाठी होता की हसण्यासाठी, हे मी अजून स्वतःला विचारलेले नाही.

कोल्हापुरात उद्यमनगराच्या बाजूला माझा मिरची-मसाला कांडपाचा गाळा आहे. मार्च ते मे या दिवसांत वर्षाची चटणी करून घ्यायला गर्दी होते, डंक सकाळपासून रात्रीपर्यंत धडधडत राहतो आणि आत माणूस कमी व खोकला जास्त अशी परिस्थिती येते. म्हणून यंदा हवा बाहेर फेकणारा मोठा पंखा बसवायचे ठरवले. आधी छपराचा विचार होता, कारण गरम हवा वरच जाते आणि पत्र्यावरचा टर्बो, म्हणजे घुमटासारखा गोल पंखा, वाऱ्यावर विजेवाचून फिरतो. पण गाळ्याचे मालक तात्या यांनी पत्र्याला भोक पाडायला साफ नकार दिला. पत्रा धरून ठेवणाऱ्या जे-हुकाच्या भोकातून गेल्या पावसाळ्यात गळलेले पाणी त्यांच्या स्मरणात होते, ते माझ्या मिरचीच्या पोत्यांवर गळले होते हे मात्र नव्हते.

राहिली भिंत. वीस बाय पंधराचा गाळा, उंची बारा फूट, म्हणजे 3600 घनफूट हवा. ती तासाला तीस वेळा बदलायची तर मिनिटाला 1800 घनफूट बाहेर गेली पाहिजे, आणि मधल्या जाळ्या-झडपांचा अडथळा धरून अठरा इंची, मिनिटाला 1400 फेऱ्यांचा थ्री-फेज पंखा घ्यावा, एवढा हिशेब मी स्वतः केला. हा हिशेब ऐकून घेणारा एकही माणूस मला आजवर भेटलेला नाही. गवंड्याने मागच्या नऊ इंची भिंतीत भोक पाडले, ते आतून वाटोळे आणि बाहेरून वेड्यावाकड्या भाकरीच्या आकाराचे झाले. उरलेली फट सिमेंटने लिंपली. हादरा भिंतीत जाऊ नये म्हणून चारही बोल्टांखाली रबर घातले. बाहेरच्या झडपा, ज्या हवेच्या दाबाने उघडतात आणि पंखा थांबला की आपोआप पडतात, त्या दुसऱ्या दिवशी येणार होत्या. इथपर्यंत सर्व ठीक होते.

वायरमनने बटण दाबले. मी शिडीवर चढून जाळीसमोर कागदाचा कपटा धरला, तो ओढला जाऊन जाळीला चिकटला. पंखा हवा बाहेर फेकत होता. नेमके याच क्षणी छत्री टेकत तात्या आत आले, मान वर करून पंख्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "बंद कर ते. अपसव्य फिरतंय."

"म्हणजे?"

"देवाला प्रदक्षिणा कशी घालतोस? उजवीकडून. घड्याळाचा काटा कसा फिरतो? जात्याचा खुंटा कुठल्या अंगानं ओढतात? अपसव्य फक्त पितरांचं. माझ्या वास्तूत श्राद्धाचा पंखा चालायचा नाही."

मी पंख्याच्या कड्यावरचा बाण दाखवला. तो कंपनीचा शिक्का असल्याचे तात्यांनी सांगितले. मी चिकटलेला कागद दाखवला. कागदाला काय कळते, असे ते म्हणाले. पाती ज्या कोनात वळवलेली असतात त्यावर हवेची दिशा ठरते, हे समजावून सांगताना माझा आवाज जरा चढला असावा, कारण तात्यांनी एकदम भाडेकराराचा विषय काढला. करार जूनमध्ये संपतो.

पन्नाशी उलटलेल्या मला सगळ्या बायकांसमोर "बाळ, ऐकावं थोरांचं" असे सांगण्यात आले, आणि ज्या वायरमनला मी मजुरी देत होतो, तो माझ्याकडे न पाहता तात्यांना म्हणाला, "दोन वायरींची तर अदलाबदल हाय मालक, पाच मिनिटांचं काम." थ्री-फेज मोटरच्या कुठल्याही दोन फेज आपसांत बदलल्या की मोटर उलटी फिरते, हे खरे आहे. खोटे काहीच नव्हते, हीच तर अडचण होती.

बटण पुन्हा दाबले गेले तेव्हा मी कपटा घेऊन शिडीवरच होतो. बाहेरची हवा झोताने आत आली, खाली परातीत चाळून ठेवलेली चार किलो पूड उठली, आणि पुढचे मी पाहिलेले नाही. झडपा आदल्या दिवशी आल्या असत्या तर उलट्या ओढीने मिटून बसल्या असत्या व मी वाचलो असतो. कोणीतरी तोंडावर तांब्याभर पाणी मारले. मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तो फक्त पसरतो, हेही तेव्हा नीट समजले.

वायरी पूर्ववत झाल्या. तात्या तरी अडून बसले होते, तेव्हा डोळ्यांना ओला पंचा लावून मी म्हणालो, "तात्या, एकदा बाहेरच्या अंगानं बघा." आतून अपसव्य दिसणारा पंखा बाहेरून सव्यच दिसणार. तात्या मागच्या बोळात गेले, थेट झोतासमोर उभे राहिले आणि पंखा सव्य असल्याची खात्री होईपर्यंत अकरा वेळा शिंकले.

परत आले तेव्हा त्यांचेही डोळे लाल होते. "पंखा बरोबर आहे," ते म्हणाले, "पण भोक चुकीच्या भिंतीत पाडलंस. बोळापलीकडं आमचं स्वयंपाकघर आहे."

ती भिंत त्यांनीच दाखवली होती. वायरमनने जोडणीचे तीन वेळा पैसे लावले, त्यातली मधली जोडणी कोणाच्या खात्यावर टाकायची हे अजून ठरलेले नाही. गवंड्यालाही विचारून ठेवले आहे. दुसऱ्या भिंतीत भोक पाडायला तेवढेच पैसे पडतील, आणि हे बुजवायचे वेगळे.