‘डोक्यावर चेंडू आला की स्मॅश’ हा सल्ला पॅडलमध्ये महागात पडतो

पॅडल म्हणजे काचेच्या भिंतींनी वेढलेल्या कोर्टात रॅकेटने खेळायचा खेळ. तो खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर एक सल्ला सारखा फिरतोय: “डोक्यावर चेंडू आला की सरळ स्मॅश ठोका. बांदेखा हा घाबरटांचा फटका.” (बांदेखा म्हणजे डोक्यावरचा चेंडू ताकदीने न ठोकता कापून, खोल मारणं.) बॅडमिंटनमधून पॅडलकडे वळलेल्या आपल्या लोकांना तो चटकन पटतो. मला तो साफ चुकीचा वाटतो.

“जोरात मारला की पॉइंट आपला.” बॅडमिंटनमध्ये शटल जमिनीला टेकलं की विषय संपतो. इथे चेंडू टप्पा घेतो, मागच्या काचेवर आदळतो आणि परत येतो. सर्व्हिस लाइन नेटपासून जवळजवळ 7 मीटर लांब. तिथून सपाट ठोकलेला स्मॅश काचेवरून उसळून कोर्टाच्या मधोमध, छान कमरेच्या उंचीवर येतो. गेल्या रविवारी माझ्या जोडीदाराने लागोपाठ तीन असे मारले. आवाज असा, की शेजारच्या कोर्टवरचे वळून बघत होते. तिन्ही वेळा समोरच्याने दोन पावलं पुढे येऊन चेंडू अलगद आमच्या पायाशी टाकला. जोडीदार अजून स्मॅशच्या झोकातून सावरतच होता.

“बांदेखा म्हणजे नुसता बचाव.” स्पॅनिशमध्ये बांदेखा म्हणजे तबक, फटक्याच्या तयारीत हात तबक धरल्यासारखा दिसतो. समोरचे लॉब, म्हणजे डोक्यावरून जाणारा उंच चेंडू, टाकतात तेच मुळी तुम्हाला नेटवरून हुसकवायला. बांदेखा तो डाव उधळतो. कापून, खोल मारलेला चेंडू टप्प्यानंतर फार उठत नाही, काचेवरूनही खालीच राहतो. समोरच्याला गुडघे वाकवून तो उचलावा लागतो, आणि तेवढ्या वेळात तुम्ही परत नेटवर. याला बचाव कसं म्हणायचं? अर्जेंटिनाचा फेदेरिको चिंगोत्तो उंचीने जेमतेम 1.70 मीटर. स्मॅशची ताकद हे त्याचं हत्यार नव्हेच, तरी तो जगातल्या अव्वल जोड्यांमध्ये खेळतो.

“तापिया, कोएलो तर चेंडू कोर्टाबाहेर घालवतात.” हे अव्वल खेळाडू स्मॅशने घालवतात, आणि बघायला मजाही येते. बाजूच्या 3 मीटर उंच किंवा मागच्या 4 मीटर उंच कुंपणावरून. पण त्यासाठी लॉब आखूड हवा, चेंडू शरीराच्या पुढे हवा आणि चांगला उसळताही हवा. डिसेंबरच्या रात्री उघड्या कोर्टवर चेंडू गार पडतो, उसळतच नाही. तिथे हा हट्ट धरला की चेंडू समोरच्याच्या हातात.

विबोरा हा तिसरा फटका स्मॅश आणि बांदेखा यांच्या मधला: बाजूने जास्त काप, जास्त वेग. बांदेखा बसल्याशिवाय मी तो कुणाला शिकवणार नाही.

लॉब निघाला की आधी स्वतःचे पाय बघा. नेटजवळ आहात, चेंडू पुढे आहे, तोल सावरलेला आहे, तर खुशाल स्मॅश. मागे सरकत सर्व्हिस लाइनपाशी पोचलात तर बांदेखा. आणि चेंडू डोक्यावरून मागे निघालाच असेल, तर हात खाली घ्या, वळा आणि काचेवरून येऊ द्या.