बांध आणि उघाडी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. उत्तराला आठ दिवस लागले, कारण त्यातले काही मुद्दे मला लागले आणि ते घाईत झटकून टाकायचे नव्हते.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पूर्वेकडचा माणूस निसर्गावर भरवसा टाकतो, पश्चिमेकडचा त्याला मुठीत ठेवू पाहतो, आणि आपल्या कोकणातला नारळी पौर्णिमेचा नारळ हे त्या भरवशाचंच रूप, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. तुम्ही पेण तालुक्यातले, आयुष्य पाटबंधाऱ्यांच्या कामात घालवलेले. तुम्ही लिहिलंत, "ही नुसती हळहळ आहे. तुमच्याच आजोबांनी खाडीला बांध घालून समुद्राची जमीन काढून घेतली, तो काय भरवसा होता? २०२०च्या ३ जूनला 'निसर्ग' नावाचं चक्रीवादळ आलं तेव्हा माणसं नारळामुळे वाचली की उपग्रहामुळे? आणि तुमच्या गावच्या किनाऱ्याला भिंत हवी की नको, ते एकदा सरळ सांगा."

आधी कबुली. पूर्व आणि पश्चिम अशी जी रेघ मी मारली होती, ती चुकली. इंग्रज विचारवंत फ्रान्सिस बेकनला मी खलनायक करून ठेवलं. १६२०च्या 'नोवम ऑर्गनम'मध्ये अगदी सुरुवातीलाच तो सांगतो, की निसर्गाची आज्ञा पाळल्याशिवाय त्याला जिंकता येत नाही. जिंकणं हाच त्याचा हेतू आहे, हे खरं. पण आधी ऐकून घ्या, असंही तो बजावतो. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तनं १६३७ मध्ये माणसं निसर्गाची 'जणू' धनी आणि मालक होतील असं लिहिलं. तो 'जणू' मी गाळला होता. आणि या दोघांच्या जवळजवळ दोन हजार वर्षं आधी ग्रीसमधले स्टोइक पंथाचे तत्त्वज्ञ निसर्गाला धरून जगा, असं शिकवत होतेच की.

इकडे पूर्वेलाही एकच सूर नाही. प्राचीन चिनी ज्ञानी लाओत्सेच्या नावावर ओढूनताणून काही न करण्याची शिकवण आहे, तर त्याच चीनमध्ये इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात शुन्झी हा तत्त्वज्ञ म्हणतो, की आकाशाची स्तुती गात बसण्यापेक्षा त्याला कामाला लावा. आपल्या सांख्य दर्शनातला पुरुष, म्हणजे जाणणारा आत्मा, तर प्रकृतीवर, म्हणजे निसर्गावर, विसंबत नाही आणि तिला आवरतही नाही. तिच्याहून आपण वेगळे आहोत हे कळण्यातच त्याची सुटका. 'निग्रहः किं करिष्यति' (दडपून काय होणार?) हा गीतेतला चरण मी निसर्गावर सोडून देण्याच्या बाजूनं वापरला होता. तिथं विषय माणसाच्या स्वभावाचा आहे, डोंगरसमुद्राचा नाही, आणि लगेच पुढच्या श्लोकात रागद्वेषांच्या ताब्यात जाऊ नका, असं सांगितलंय. ते अवतरण मी मागे घेते.

पण बांधाचं तुमचं म्हणणं मला पटत नाही.

आमची शेती धरमतर खाडीच्या काठची. लहानपणी मी आजोबांबरोबर बाहेरकाठ्यावर, म्हणजे खाडीकडच्या बांधावर, चालत जायचे. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भात, मधे चिखलाचा बांध. शेत भरतीच्या पाण्याहून खाली. पाहणाऱ्याला वाटावं, समुद्राला अडवून माणूस बसलाय. पण त्या बांधाचा जीव उघाडीत असतो. तुम्हाला हे सांगायची गरज नाही, पण वाचकांसाठी सांगते : उघाडी म्हणजे बांधातली मोरी आणि तिला खाडीच्या बाजूनं टांगलेली लाकडी झडप. भरती चढली की खाडीचंच पाणी झडप दाबून बंद करतं. ओहोटीला पाणी उतरलं, की आत साठलेलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं. कुणी चावी फिरवत नाही. पावसाळ्यात शेतात गोडं पाणी कोंडायचं, त्यात मीठ विरघळू द्यायचं आणि ओहोटी धरून ते बाहेर सोडायचं. नव्या खारीत, म्हणजे खाडीतून बांध घालून काढलेल्या जमिनीत, हे काही पावसाळे करत राहिलं, की खाऱ्या मातीत तग धरणारा राता भात उभा राहतो.

ज्यानं ही झडप पहिल्यांदा टांगली, त्याला भरती थांबवायची नव्हती. ती दिवसातून दोनदा येणार, रोज सुमारे ५० मिनिटं उशिरानं येणार, अमावास्या-पौर्णिमेला उधाण असणार आणि अष्टमीला भांग, म्हणजे कमी चढणारी भरती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. समुद्र आपल्या सवयी मोडणार नाही, या खात्रीवर त्यानं घरचं भात लावलं. मी भरवसा म्हणते तो हा. डोळे मिटून बसण्याला मीही भरवसा म्हणत नाही.

आणि बांध चिखलाचा असल्यामुळे त्याला विसरता येत नव्हतं. खेकडे भोकं पाडायचे, उधाणात खांड जायची, म्हणजे बांध फुटायचा. मग घरटी एक माणूस चिखल घेऊन हजर. या सामाईक कामाला आमच्याकडे जोळ म्हणत. हे लिहिताना एक गोष्ट लपवणार नाही, कारण तुम्ही विचारलं नसलंत तरी ती विचारायला हवी. या खारींवर खोतांची सत्ता होती, घाम कुळांचा होता. चरी गावचा शेतकऱ्यांचा संप १९३३ ते १९३९ असा सहा वर्षं चालला तो याच अलिबागच्या मातीत. नारायण नागू पाटलांनी तो लढवला, डॉ. आंबेडकर कुळांच्या बाजूनं उभे राहिले आणि १९३७ मध्ये त्यांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडलं. निसर्गाशी जुळवून घेणारी माणसं एकमेकांशी न्यायानं वागत होती, असं माझ्या मागच्या लेखातून कुणाला वाटलं असेल, तर तो माझा दोष.

जोळ पुढे मोडली. बांधाची काळजी गावातून उठून लांब कुठल्या तरी कागदावर गेली. आमच्या शेजारच्या खारीत खांड पडली, ती वेळेत बुजली नाही, शेत खारं झालं आणि तिथं तिवरं, म्हणजे कांदळवनाची झाडं, उगवली. आता ती तोडता येत नाहीत. २०१८ मध्ये उच्च न्यायालयानं कांदळवनांना जे संरक्षण दिलं ते मला मनापासून हवं आहे, आणि शेजाऱ्याचं गेलेलं भातही मला दिसतं. या दोन्हीचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.

म्हणून पूर्व-पश्चिमेच्या जागी मी आता दुसरी रेघ मारते. एक प्रकारचं काम केल्यावर माणूस तिथंच राखण करत राहतो. दुसऱ्या प्रकारचं काम तो पुन्हा बघायला लागू नये म्हणून करतो. चीनमधली तुच्यांगयेनची कालवा-व्यवस्था इसवी सनापूर्वी २५६च्या सुमाराची. तिथं ली बिंगनं नदी धरणानं अडवली नाही, मधे बांध घालून तिचे दोन प्रवाह केले. तिथला जुना नियम कोरून ठेवलेला आहे : गाळ खोल काढा, बांध ठेंगणा ठेवा. गाळ वर्षानुवर्षं काढायचा, म्हणजे तीही जोळच. तुमच्या प्रतिक्रियेत डच लोकांचाही दाखला होता; त्यांच्याकडे १९५३च्या पुरात १,८३६ माणसं गेली. त्यानंतर त्यांनी प्रचंड बांध उभारले आणि ते उभारायलाच हवे होते. पण १९९३ आणि १९९५ला नद्या चढल्यावर त्याच लोकांनी काही ठिकाणी बांध मागे सरकवून नदीला जागा मोकळी करून दिली. ते पाण्याकडे बघत राहिले, म्हणून त्यांना हे सुचलं.

उपग्रहाचंही तसंच. माणसं त्याच्यामुळेच वाचली, यात वादच नाही. वादळाच्या दिवशी आम्ही शाळेच्या इमारतीत होतो, ते इशारा मिळाला म्हणून. काकांच्या वाडीतल्या पोफळी मात्र आडव्या झाल्या, आणि नव्या पोफळीला सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. पण उपग्रहानं वादळ अडवलं नव्हतं, दिवसरात्र त्याच्यावर नजर ठेवली होती. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या शाकारून किनाऱ्यावर ठेवणारा कोळीही दर्याकडे तसाच बघत असतो. उपग्रहाची नजर त्याच्याहून कितीतरी लांब पोचते, एवढं मी आनंदानं मान्य करते.

आता भिंत. जिथं घरं पुळणीला, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूला, टेकली आहेत, तिथं हवी. त्या घरांतल्या लोकांना मी थांबा म्हणू शकत नाही. उरलेल्या किनाऱ्याला नको. दगडी भिंत लाटेचा मार परत फेकते, पायाची वाळू ओढली जाते, आणि भिंत संपते तिथून पुढची जमीन जास्त धुपते. तिथं वाळूची टेकाडं आणि त्यांवरची मर्यादवेल राहू द्यावी. आणि जी भिंत होईल, तिच्या पायथ्याची वाळू दर उधाणानंतर कुणीतरी मोजायला हवी. त्याला एक काठी, एक वही आणि एक माणूस लागेल. वही धरायला मी तयार आहे. काठी कुठं रोवायची आणि खुणा किती अंतरावर करायच्या, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. येत्या अमावास्येला ओहोटीच्या वेळी याल का?