रक्त काढणाऱ्या नवशिक्यांस काही व्यवहारी सूचना

डीएमएलटीचा (लॅब तंत्रज्ञानाच्या पदविकेचा) किंवा फ्लेबॉटमीचा (रक्त काढण्याच्या कामाचा) अभ्यासक्रम करत इंदूरच्या एखाद्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये उमेदवारीला लागलेल्या विद्यार्थ्यांनी सर्वांत आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रुग्णाच्या हाती पडणाऱ्या रिपोर्टावर लॅबचे नाव असते, पुष्कळदा यंत्राचेही असते, खाली पॅथॉलॉजिस्टची सही असते. रक्त कोणी काढले हे मात्र सहसा कोठे लिहिलेले नसते. या एका सोयीमुळे तुम्हाला जे स्वातंत्र्य लाभले आहे ते शल्यविशारदाला नाही आणि लग्नातल्या आचाऱ्याला तर मुळीच नाही. यंत्र बिचारे प्रामाणिक असते. त्याच्यापुढे जे रक्त ठेवाल त्याचा आकडा ते दशांश चिन्हासह छापून देते, आणि दशांश चिन्ह दिसले की शिकलीसवरलेली माणसेसुद्धा शंका घेत नाहीत. लॅबमधील बहुतेक चुका नमुना यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच होऊन गेलेल्या असतात, असे या विषयातले जाणकार वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. सांगोत बापडे. आपल्याला त्या ‘आधी’चा पुरेपूर उपयोग करून घ्यायचा आहे.

आरंभ रुग्णाच्या ओळखीपासून होतो. पुस्तकात असे लिहिलेले असते की पूर्ण नाव आणि जन्मतारीख रुग्णाच्याच तोंडून वदवून घ्यावी, ती मागणीपत्रावरील नोंदीशी ताडून पाहावी, आणि रक्त काढून झाल्यावर, रुग्ण समोर बसलेला असतानाच, ट्यूबवर लेबल लावावे. एवढा खटाटोप कशाला? दारातूनच ‘कुलकर्णी काकू ना?’ असे विचारावे. आपल्याकडच्या वडीलधाऱ्या माणसांना नाही म्हणणे जिवावर येते, काहींना ऐकू कमी येते, आणि उरलेल्यांना वाटते की लॅबवाल्याला सगळे ठाऊकच असणार. त्यामुळे मान होकारार्थीच हलते. गणेशोत्सवात एखाद्या मराठी मंडळाच्या सभागृहात मोफत तपासणी शिबिर भरते, तेथे तर ही पद्धत विशेष खुलते. रामबागेतल्या एकाच घरातून दोन जावा येतात. एक सुनंदा, दुसरी सुलभा. आडनाव एक, पत्ता एक, आणि नोंदवहीत दोघीही ‘सौ. एस. कुलकर्णी’. तुम्ही दूरदृष्टीने पहाटेच सगळ्या ट्यूबांवर लेबले चिकटवून त्या स्टँडमध्ये ओळीने उभ्या करून ठेवलेल्या असतात. मग थोरलीची साखर धाकटीच्या नावावर जाते, धाकटीचे गोड बंद होते आणि थोरली निर्धास्तपणे उकडीचे मोदक खाते. जन्मतारीख विचारली असती तर हा घोळ टळला असता, परंतु बायकांना वय विचारणे शिष्टाचाराला धरून नाही, हे कारण केव्हाही पुढे करता येते. साखरेपुरते हे खपून जाते. रक्तगटाच्या आणि क्रॉसमॅचच्या (रक्त जुळते का हे पाहण्याच्या) ट्यूबवर असेच दुसऱ्याचे नाव पडले, आणि न जुळणारे रक्त चढून रुग्णाच्या शरीरात तांबड्या पेशी फुटू लागल्या, म्हणजे लेबल कोणी लावले होते हे विचारण्याची त्या क्षणी कोणालाच सवड नसते.

उपाशीपोटी करायच्या तपासण्यांबद्दल फार चौकशी करू नये. आठ ते बारा तास पाण्याखेरीज काही घेतले नाही ना, हे स्पष्ट विचारावे असा नियम आहे. तुम्ही ‘काका, उपाशीच आहात ना?’ एवढेच विचारावे आणि काका हो म्हणतील. इंदूरच्या माणसाच्या लेखी सकाळचे पोहे हे खाण्यात धरले जात नाहीत. वर शेव घातलेली असो, जिरावण भुरभुरलेले असो, शेजारी जिलबीची दोन वेटोळी असोत, तो उपवास मोडल्याचे कबूल करत नाही. चहा तर औषध म्हणूनच घेतलेला असतो. त्यानंतर रिपोर्टात साखर आणि ट्रायग्लिसराइड वाढलेले आले, तर दोष आनुवंशिकतेला देण्याची सोय आहेच.

आता नस फुगवण्यासाठी दंडाला बांधायचा पट्टा. तो टोचण्याच्या जागेपासून तीन-चार इंच वर बांधावा आणि एका मिनिटाच्या आत सोडावा, असे सांगितले जाते. याचे कारण असे की पट्टा आवळलेला राहिला म्हणजे रक्तातील पाणी शिरेबाहेर झिरपते, आणि प्रथिने, कॅल्शियम, पेशी वगैरे मागे राहणाऱ्या गोष्टींचे प्रमाण उगाचच वाढलेले दिसते. तुम्ही पट्टा आधी बांधावा आणि मग ट्यूबा शोधाव्यात. मध्येच फोन आला तर तो अवश्य घ्यावा. रुग्णाला ‘मूठ उघडा, मिटा, उघडा, मिटा’ असे सांगत राहावे, म्हणजे तो कामात राहतो आणि हाताच्या स्नायूंतून पोटॅशियमही रक्तात उतरते. हाताचा रंग बदलू लागला की समजावे, नस चांगली फुगली आहे.

स्पिरिटच्या बोळ्याविषयी एक गैरसमज असा आहे की सत्तर टक्के अल्कोहोलने जागा सुमारे तीस सेकंद पुसावी, तेवढाच वेळ ती आपोआप वाळू द्यावी आणि नंतर तिला हात लावू नये. अल्कोहोल जंतू मारते ते वाळता वाळता. ओल्यावरच सुई टोचली तर रुग्णाला चरचरते आणि पेशी फुटण्याचीही शक्यता असते. परंतु तीस सेकंद नुसते बसून राहणे कोणत्या तरुणाला शोभते? म्हणून अनुभवी मंडळी त्या जागेवर फुंकर मारतात. फुंकर मायेची असते, तिच्यातले जंतूही मायेचेच असणार. त्यानंतर नस पुन्हा एकदा बोटाने चाचपून पाहावी. हातमोजा आड येत असेल तर तर्जनीच्या टोकाचे रबर दातांनी तोडून टाकावे; त्यामुळे हातमोजा घातल्याचे पुण्य पदरी पडते, नसही लागते, आणि सुई जेथे सर्वांत जास्त लागण्याचा संभव आहे नेमके तेवढेच बोट उघडे राहते. असा एकच जोड दिवसभर वापरणारेही मी पाहिले आहेत. त्यांचा समज असा असावा की हातमोजे घातले म्हणजे फक्त आपले रक्षण करायचे, पुढच्या रुग्णाचे काय ते तो पाहील.

नस निवडताना कोपराच्या घडीत मध्यभागी असणारी शीर पसंत करावी, कारण ती ठळक असते आणि फारशी सरकत नाही. आतल्या अंगाच्या शिरेजवळून धमनी आणि मज्जातंतू जातात, म्हणून तिकडे शक्यतो जाऊ नये. हे सारे खरे असले तरी आतल्या बाजूची शीर दिसायला अधिक देखणी असेल तर मोह आवरू नये. सुई तीस अंशांपेक्षा कमी कोनात घालायची असते, पण भूमिती शाळेतच संपली. रक्त आले नाही तर सुई आतल्या आत डावी-उजवीकडे फिरवून पाहावी. रुग्णाच्या हातातून बोटांपर्यंत वीज गेल्यासारखी कळ गेली आणि तो ओरडला, तर सुई लगेच काढून घ्यावी असे शिकवलेले असते. तुम्ही ‘हात सैल सोडा हो काका’ असे म्हणावे. दोन प्रयत्नांनंतर दुसऱ्या सहकाऱ्याला बोलावण्यात कमीपणा आहे. ज्या हाताला सलाइन चालू आहे तोच हात मिळाला तर दुधात साखर, कारण शीर आयती उघडी असते. डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचे पाणी, चढत असेल तर यंत्रात साखरेचा जो आकडा येतो तो पाहायला सगळी लॅब जमते.

खरी कला ट्यूबांच्या क्रमात आहे. ब्लड कल्चरच्या (रक्तातील जंतू शोधण्याच्या) बाटल्या असतील तर त्या सर्वांत आधी, मग निळ्या टोपणाची ट्यूब, मग लाल किंवा पिवळी, मग हिरवी, मग जांभळी, शेवटी राखाडी, हा क्रम कोणी रंगांच्या आवडीनिवडीवरून ठरवलेला नाही. प्रत्येक ट्यूबमध्ये वेगळे रसायन असते आणि एकीतले पुढच्या ट्यूबमध्ये थोडेसे जरी गेले तरी आकडे बिघडतात. जांभळ्या ट्यूबमधील ईडीटीए पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असते आणि ते कॅल्शियमला बांधून ठेवते. तेव्हा कधी असे झाले की जांभळी काठोकाठ भरली आणि लाल अर्धीच राहिली, तर दोन्हींची टोपणे काढून जांभळीतले रक्त लालमध्ये ओतावे. दिसायला रक्त ते रक्तच. संध्याकाळी लोकमान्यनगरच्या आजोबांचा रिपोर्ट येतो: पोटॅशियम इतके की हृदय थांबायला हवे होते, कॅल्शियम इतके खाली की हातपाय वाकडे व्हायला हवे होते. आजोबा मात्र ओसरीवर बसून वर्तमानपत्र वाचत असतात. मुलगा घाबरून त्यांना गाडीत घालतो, रात्री ईसीजी निघतो, आजोबांना कोणी वर्तमानपत्र पुरे करू देत नाही, आणि दुसऱ्या दिवशी नव्याने काढलेले रक्त अगदी व्यवस्थित निघते. मुलगा म्हणतो, देवाची कृपा. तुम्ही गप्प बसावे, कृपेचे श्रेय कोणी लाटू नये.

निळ्या ट्यूबमध्ये सायट्रेट असते आणि त्याच्या एका भागाला रक्ताचे नऊ भाग लागतात, म्हणून ती खुणेपर्यंत भरलीच पाहिजे. अर्धी भरली तर सायट्रेट जास्त होते, रक्त गोठायला वेळ लागल्याचे दिसते, आणि वॉरफरिन ही रक्त गोठू न देणारी गोळी घेणाऱ्या रुग्णाचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्यास लागणाऱ्या वेळेचा आकडा, वाढलेला छापला जातो. डॉक्टर गोळी कमी करतात. ज्या गुठळीच्या भीतीने गोळी चालू होती तिला असे मोकळे रान मिळते. ट्यूब भरल्यावर ती हलक्या हाताने उलटसुलट करायची असते, जांभळी आठ-दहा वेळा, निळी तीन-चार वेळा. तुम्ही ती कैरीच्या पन्ह्याच्या बाटलीसारखी खळखळवावी. सिरिंजमधून रक्त ट्यूबमध्ये सोडताना दट्ट्या जोर लावून दाबला तरीही पेशी फुटतात, त्यांच्यातले पोटॅशियम बाहेर येते आणि सीरम गुलाबी दिसू लागते. हा रंग प्रसन्न असतो, पण तंत्रज्ञांना त्याची कदर नसते. ते ‘हिमोलाइज’ असे लिहून नमुना परत पाठवतात आणि रुग्णाला दुसऱ्यांदा बोलवावे लागते.

सुई काढण्याआधी पट्टा सोडायचा असतो. क्रम उलटा केला तर रक्ताची धार बघायला मिळते आणि चादर बदलावी लागते. काढल्यावर हात सरळ ठेवून बोळा दाबून धरायला सांगण्याऐवजी कोपर दुमडून ठेवायला सांगावे. दुसऱ्या दिवशी तेथे जो निळा-काळा डाग उमटतो तो रुग्ण आठवडाभर नातेवाइकांना दाखवतो, तेवढीच जाहिरात.

घरी जाऊन रक्त आणणाऱ्यांची गोष्ट वेगळी, कारण त्यांच्यावर कोणाची नजर नसते. अन्नपूर्णा रोड, सुदामानगर, मग आणखी दोन घरे, तेथून वाहतुकीतून वाट काढत विजयनगर. मे महिन्याची दुपार, आणि ट्यूबा डिक्कीत डब्याशेजारी. पेशींपासून वेगळे न केलेल्या रक्तातील साखर खोलीच्या तापमानाला दर तासाला साधारण पाच ते सात टक्क्यांनी उतरत जाते, म्हणून राखाडी ट्यूबमध्ये फ्लोराइड घातलेले असते. ती ट्यूब घरी विसरली तर लाल ट्यूबमध्ये रक्त घ्यावे आणि सावकाश यावे. ज्या मधुमेहाने काकांना वीस वर्षे दाद दिली नाही, तो तुमच्या दुचाकीवर अर्ध्या दिवसात आटोक्यात येतो.

राहिला कचरा. आपले शहर २०१७ पासून सलग अनेक वर्षे स्वच्छ सर्वेक्षणात पहिले आले. येथे घरातले लहान मूलही ओला कचरा आणि सुका कचरा यांत गल्लत करत नाही. जैव-वैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम त्याहून सोपे आहेत: रक्ताने माखलेला बोळा पिवळ्या पिशवीत, सुई काढलेली सिरिंज आणि हातमोजे लाल पिशवीत, सुई पांढऱ्या न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात, आणि तो डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद. तुम्ही मात्र सुई स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याच्या टोपलीत, केळीच्या सालीखाली ठेवून यावी. सकाळी कचरागाडी येते, काकू नेमाने डबे वेगळे देतात, आणि पुढे हाताने निवडणाऱ्या माणसाच्या तळहातात ती सुई सापडते. कोणाच्या घरची, कोणाच्या रक्ताची, हे त्याला कधीच कळत नाही.

जाता जाता टोपणाबद्दल. वापरलेल्या सुईवर टोपण परत चढवू नये, हे पहिल्याच दिवशी सांगतात. परंतु एका हातात सुई आणि दुसऱ्यात टोपण धरून नेम साधण्याची मजा सांगणाऱ्याला काय ठाऊक? नेम चुकला आणि सुई बोटात गेली तर ती बातमी कोणालाही कळू देऊ नये. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी बाधित रक्ताच्या सुईतून होण्याची शक्यता तीस टक्क्यांपर्यंत जाते; ती लस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी घ्यायची असते, आणि तुमचा पहिला डोस ‘पुढच्या सोमवारी’ ठरलेलाच आहे. एचआयव्हीचा धोका सुमारे ०.३ टक्के म्हणतात, आणि त्यावरचे प्रतिबंधक औषध शक्य तर दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू करून २८ दिवस घ्यायचे असते. त्यासाठी आधी वरिष्ठांना सांगावे लागते, अर्ज भरावा लागतो, आणि ते ‘टोपण का चढवत होतास?’ असे विचारतात. त्याहून बोट तोंडात घालून चोखावे, नाही तर दाबून दाबून रक्त काढावे. या दोन्ही गोष्टी करू नयेत असे सांगितलेले असल्याने त्यांत काहीतरी गुण असणारच. साबण आणि नळ चार पावलांवर आहेत, पण रांग मोठी आहे. पुढचा नंबर पुकारा.