‘सिझेरियनमध्ये तीन दिवस दूध नसतं’ : या निरोपातलं खरं किती, चूक किती

सिझेरियन झालेल्या बाईच्या घरच्यांना कुणी ना कुणी एक निरोप पाठवतंच. त्यातला मजकूर साधारण असा असतो : “सिझेरियननंतर तीन दिवस दूध येत नाही. भुलीचं औषध दुधात उतरतं, म्हणून २४ तास बाळाला अंगावर पाजू नये. वेदनाशामक आणि अँटिबायोटिक चालू असेपर्यंत दूध बाळाला बाधतं. आईला बसता येत नाही आणि पडून पाजलं तर दूध बाळाच्या कानात जातं. म्हणून तीन दिवस बाटली द्या. दूध आलं की बाळ आपोआप अंगावर प्यायला लागेल.”

आईला त्रास होऊ नये, हाच पाठवणाऱ्याचा हेतू असतो. पण हे सगळे सल्ले एकत्र पाळले, तर चौथ्या दिवशी नेमकं तेच समोर येतं ज्याची भीती निरोपात घातलेली असते : दूध कमी, बाळ छातीशी धरताच रडणारं, आणि दोष आपलाच आहे असं मानून खचलेली आई. म्हणून एकेक वाक्य तपासून पाहू.

“तीन दिवस दूध येत नाही.” इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. चीक, म्हणजे सुरुवातीचं घट्ट दूध, गरोदरपणाच्या मध्यापासून, साधारण १६व्या आठवड्यानंतर तयार व्हायला लागतो. बाळ जन्मतं तेव्हा तो स्तनात असतोच, मग बाळ कुठल्याही वाटेने आलेलं असो. स्तन जड होऊन दूध भरून येणं ही पुढची पायरी. वार सुटली की आईच्या रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे गरोदरपणातलं संप्रेरक झपाट्याने उतरतं, दूध तयार करवणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकावरचा दाब निघतो आणि दूध वाढायला लागतं. सिझेरियनमध्येही वार काढलेलीच असते, त्यामुळे हे चक्र तिथेही सुरू होतं. दूध भरून यायला साध्या बाळंतपणातही साधारण दोन ते तीन दिवस लागतात.

यात थोडं खरं आहे, तेही सांगायला हवं. सिझेरियननंतर, विशेषतः खूप वेळ कळा देऊन मग घाईत झालेल्या सिझेरियननंतर, दूध भरून यायला काही तास ते एखादा दिवस जास्त लागू शकतो. पहिलं बाळंतपण, मधुमेह, जास्त वजन, जास्त रक्तस्राव या गोष्टींनीही उशीर होतो. पण उशीर होणार म्हणून सुरुवातच लांबवली, तर उशीर आणखी वाढतो. पाचव्या दिवसापर्यंत स्तन अजिबात जड झाले नाहीत तर मात्र डॉक्टरांना दाखवावं. क्वचित वारेचा तुकडा आत राहिलेला असतो, आणि तो निघेपर्यंत शरीराला वार सुटल्याचा पुरता संदेश मिळत नाही.

चीक पुरतो का, ही चिंता आकडे पाहिल्यावर बरीच हलकी होते. पहिल्या २४ तासांत निरोगी, पूर्ण दिवसांचं बाळ एका वेळी साधारण २ ते १० मिली घेतं. दुसऱ्या दिवशी ५ ते १५, तिसऱ्या दिवशी १५ ते ३०, चौथ्या दिवशी ३० ते ६० मिली. एका छोट्या चमच्यात ५ मिली मावतं, म्हणजे पहिल्या दिवशी बाळाची गरज चमचा-दोन चमच्यांचीच असते. अशा वेळी ३० मिलीची बाटली दिली की बाळ कित्येक तास गाढ झोपतं आणि पाजण्याच्या एकदोन वेळा हुकतात. घरच्यांना वाटतं, आता पोट भरलं. प्रत्यक्षात दूध वाढवणारी सूचनाच स्तनांपर्यंत गेलेली नसते.

“भुलीचं औषध दुधात उतरतं, २४ तास थांबा.” बहुतेक सिझेरियन मणक्यातल्या भुलीवर होतात. त्यातलं औषध दुधात अगदी नगण्य उतरतं, आणि बाळाच्या पोटातून त्यातलं फारच थोडं शोषलं जातं. आई पूर्ण जागी असते, त्यामुळे बाळाला शस्त्रक्रियेच्या टेबलावरच तिच्या उघड्या छातीवर ठेवता येतं. पूर्ण भूल दिली असेल तर आई शुद्धीवर येऊन नीट बोलायला आणि बाळ धरायला लागली की पाजता येतं. तोवर त्या औषधांचा रक्तातला भर ओसरलेला असतो. दूध काढून टाकून देण्याची गरज नसते. आईला वेळ लागणार असेल तर तोवर बाळाला वडिलांच्या किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाच्या उघड्या छातीवर पांघरूण घालून ठेवावं.

जागतिक आरोग्य संघटना जन्मानंतर पहिल्या तासात स्तनपान सुरू करायला सांगते. संघटनेने आणि युनिसेफने १९८९ साली मांडलेल्या आणि २०१८ साली सुधारलेल्या यशस्वी स्तनपानाच्या दहा पायऱ्यांमध्येही जन्मताच त्वचेला त्वचा लावून ठेवण्याचा समावेश आहे. सिझेरियनसाठी तिथे वेगळा नियम नाही. शस्त्रक्रियेच्या खोलीत हे करायचं तर तयारी आधी सांगून ठेवावी लागते : हृदयाच्या नोंदीच्या चकत्या छातीच्या मध्यावर न लावता कडेला लावायच्या, सलाईनची सुई आई ज्या हाताने नेहमी काम करते त्या हाताला आणि कोपराच्या वळणावर शक्यतो नको, बाळाला कोरडं करून छातीवर आडवं ठेवायचं, पाठीवर गरम कापड, डोक्यावर टोपी.

भुलीमुळे एक काळजी मात्र खरोखर घ्यावी लागते. आई गुंगीत असू शकते. बाळ छातीवर असताना त्याचं तोंड एका बाजूला, नाक मोकळं आणि मान सरळ हवी, आणि शेजारी बाळावर लक्ष ठेवणारं जागं माणूस हवं. निरोपात धोका दुधात दाखवला आहे. आमच्या मते, गुंगीतल्या आईला बाळासह एकटं सोडणं हा त्याहून कितीतरी मोठा धोका आहे, आणि त्याबद्दल निरोपात एक शब्दही नाही.

“वेदनाशामक आणि अँटिबायोटिकने दूध बाधतं.” पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही सिझेरियननंतरची नेहमीची औषधं स्तनपानात चालतात. टाक्यांसाठी दिली जाणारी सेफॅलोस्पोरिन गटातली अँटिबायोटिक चालतात; फार तर बाळाला थोडी पातळ शी होते. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेल्या हेपॅरिनचा रेणू इतका मोठा असतो की तो दुधात जातच नाही. अपवाद कोडीन आणि ट्रॅमाडॉल यांचा. काही जणींचं यकृत या औषधांचं रूपांतर फार वेगाने जास्त तीव्र औषधात करतं आणि ते दुधातून गेल्यावर बाळ सुस्तावतं, श्वास मंदावू शकतो. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१७ साली स्तनपान देणाऱ्या आईने ही दोन्ही औषधं घेऊ नयेत असा इशारा दिला. तेव्हा लिहून दिलेल्या गोळ्यांमध्ये यातलं काही आहे का, हे विचारून घ्यावं, आणि असेल तर बदलून मागावं.

दुखणं अंगावर काढणाऱ्या आईला पान्हा नीट फुटत नाही, कारण वेदना आणि ताण पान्हा फोडणाऱ्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकाला अडवतात. म्हणून गोळी असह्य झाल्यावर घेण्याऐवजी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेला घ्यावी. पाजताना पोटात वेणा येतात, त्याही ऑक्सिटोसिनमुळेच. गर्भाशय आकसतं आणि रक्तस्राव आटोक्यात राहतो. गोळी पाजण्याच्या अर्धा तास आधी पडली तर या वेणा सुसह्य होतात.

“पडून पाजलं तर दूध कानात जातं.” घशापासून मधल्या कानापर्यंत एक नळी असते आणि तान्ह्या बाळात ती आखूड आणि आडवी असते, एवढं बरोबर. पण अंगावर पिणारं बाळ आपल्या गतीने ओढतं आणि गिळतं. दूध त्याच्या तोंडात ओतलं जात नाही. अंगावर पिणाऱ्या बाळांना कानाचे संसर्ग कमी होतात, हे चांगलं माहीत आहे. त्यामुळे पहिल्या दिवशी बसता न येणाऱ्या आईला पडून पाजायची मनाई करणं म्हणजे तिची सगळ्यात सोपी वाट बंद करणं. ती वाट अशी.

कुशीवर वळताना पोटाच्या स्नायूंवर जोर देऊ नये. गुडघे वाकवावेत, पावलं गादीवर टेकवावीत, एक छोटी उशी टाक्यांवर दाबून धरावी आणि खांदे व कंबर एकदम वळवावी. मग एक उशी पाठीला, एक गुडघ्यांच्या मध्ये. बाळालाही कुशीवर, आईकडे तोंड करून, पोटाला पोट लावून ठेवावं. त्याचं नाक बोंडाच्या समोर यावं, म्हणजे तोंड उघडताना मान थोडी मागे जाईल. बाळाच्या पायांच्या आणि टाक्यांच्या मध्ये गुंडाळलेला टॉवेल ठेवला की लाथा टाक्यांवर बसत नाहीत. पाजून झाल्यावर कुणीतरी बाळाला त्याच्या पाळण्यात ठेवावं.

बसता यायला लागलं की बाळाला बगलेत धरून पाजणं टाक्यांना सोयीचं. आईच्या कडेला दोन उशा ठेवून बाळ स्तनाच्या उंचीवर आणावं, त्याचे पाय आईच्या पाठीकडे. तळवे मागच्या भिंतीला किंवा खुर्चीच्या पाठीला टेकले तर बाळ रेटा देऊन ताठ होतं, म्हणून त्याचे पाय वरच्या दिशेला वळवावेत. आधार मानेला आणि खांद्यांना द्यावा. डोक्यामागे हात लावून ढकललं की बाळ उलट मागे सरतं. तिसरी पद्धत म्हणजे पलंगाचं डोकं साधारण ३० ते ४५ अंश उचलून रेलायचं आणि बाळाला छातीवर तिरकं ठेवायचं, पाय कडेला, टाक्यांपासून दूर.

पकड नीट बसली की बाळाचं तोंड मोठं उघडलेलं असतं, हनुवटी स्तनात रुतलेली असते, खालचा ओठ बाहेर मुडपलेला असतो, आणि बोंडाभोवतीचा गडद भाग ओठांच्या वर जास्त, खाली कमी दिसतो. पहिले काही क्षण ताण जाणवेल. नंतरही टोचत राहिलं, किंवा बोंड चपटं होऊन बाहेर आलं, तर पकड उथळ आहे. करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत घालून पकड सोडवावी आणि पुन्हा लावावं.

सिझेरियनमध्ये भरपूर सलाईन गेलेलं असतं. त्याने कधी बोंडाभोवतीचा भाग सुजून टणक होतो आणि बाळाच्या तोंडात धरताच येत नाही. घरचे म्हणतात, बाळाला जमत नाही. अशा वेळी दोन्ही हातांची बोटं बोंडाच्या मुळाशी गोलाकार टेकवून छातीच्या दिशेने हलकेच, साधारण मिनिटभर दाबून धरावीत. सूज मागे सरते, भाग मऊ होतो, आणि लगेच बाळाला लावावं.

“तीन दिवस बाटली द्या, मग बाळ आपोआप पिईल.” या निरोपातलं सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य हेच. जेवढं दूध स्तनातून निघतं तेवढं नवं तयार होतं. साठून राहिलं की स्तन निर्मिती कमी करतो. पहिल्या दिवसांत २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजणं हवं. नियोजित सिझेरियनचं बाळ अनेकदा पेंगुळलेलं असतं, म्हणून रडण्याची वाट पाहू नये. ओठ चाटणं, मूठ तोंडाकडे नेणं, मान वळवून शोधणं दिसलं की लावावं. तीन तास झाले तरी उठलं नाही तर दुपटं सोडून उघड्या छातीवर घ्यावं.

बाळ अतिदक्षता विभागात असेल, किंवा श्वास मिनिटाला ६० हून जास्त चालत असल्याने त्याला तोंडाने द्यायचं नसेल, तर हाताने चीक काढायला घ्यावा. जमल्यास पहिल्या तासात, नाहीतर पहिल्या ६ तासांत, आणि मग दिवसाला ८ ते १० वेळा, रात्री निदान एकदा. अंगठा वर आणि पहिली दोन बोटं खाली, बोंडापासून २ ते ३ सेंटिमीटर मागे ठेवायची. आधी छातीकडे दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे, मग सैल. त्वचेवरून बोटं घसरवू नयेत, त्याने सोलवटतं. थेंब थांबले की बोटांची जागा बदलायची. पहिल्यांदा पाचसात थेंब आले तरी ते १ मिलीच्या सिरिंजमध्ये ओढून ठेवावेत. चीक घट्ट असतो, पंपाच्या भांड्यांना चिकटून वाया जातो. पंप दूध भरून आल्यावर जास्त उपयोगी.

वरचं दूध खरंच लागतं अशा वेळाही असतात : बाळाच्या रक्तातली साखर कमी असणं, पाणी कमी पडणं, दूध पोटात जात नसल्याने वाढलेली कावीळ, आईची प्रकृती गंभीर असणं. तेव्हा ते द्यावंच, आणि आईने त्याबद्दल मनाला लावून घेऊ नये. आधी आईचाच काढलेला चीक, तो नसेल तर दूधपेढीतलं दूध, तेही नसेल तर पावडरचं. प्रमाण वर दिलेल्या आकड्यांइतकं, शक्यतो लहान कपाने : बाळाला उभट धरून कपाची कड खालच्या ओठाला टेकवायची आणि त्याला स्वतः चाटू-ओढू द्यायचं, तोंडात ओतायचं नाही. आणि जितक्या वेळा वरचं दूध दिलं, तितक्या वेळा आईचं दूध काढायचं.

वजन उतरलं म्हणून घाबरून बाटली सुरू होते, तीही बरेचदा गैरसमजातून. आईला गेलेल्या सलाईनमुळे बाळातही जास्तीचं पाणी असतं आणि पहिल्या दिवसात ते लघवीवाटे निघून जातं. ७ टक्क्यांपर्यंतची घट नेहमीची असते. त्यापुढे गेलं की कुणीतरी पाजणं प्रत्यक्ष पाहावं, आणि १० टक्क्यांच्या जवळ असेल तर डॉक्टरांनी तपासायला हवं. लघवीचा हिशेब सोपा आहे : पहिल्या दिवशी निदान एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, तिसऱ्या दिवशी तीनदा, पाचव्या दिवसापासून सहा किंवा जास्त. शी काळी, मग हिरवट, आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी व्हायला हवी. ती पाचव्या दिवशीही काळीच असेल, दुपट्यावर विटकरी डाग पडत राहिले, बाळ जागं करूनही पीत नसेल, पिवळेपणा पायांपर्यंत उतरला असेल, किंवा अंगाचं तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या वर अथवा ३६.५ च्या खाली असेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्यावं.

आईसाठीही अशीच घाई लागते : टाक्यांतून पू, ३८ अंशांवर ताप, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, तासाभरात पॅड पूर्ण भिजवणारा रक्तस्राव. यातल्या टाक्यांच्या संसर्गासाठी उपचार सुरू झाले तरी पाजणं थांबवावं लागत नाही. जखमेतले जंतू दुधात जात नाहीत, आणि त्यासाठीची बहुतेक अँटिबायोटिक पाजताना घेता येतात.