चोर एकच होता, पण कुलूप कुणी काढून ठेवलं?

नमस्कार.

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यातल्या १९९१ च्या क्रेडिट युनियन (म्हणजे साधारण आपल्या पतसंस्था) संकटावर मी लिहिलेल्या लेखाबद्दल तुमची तक्रार अशी: पैसे एका माणसाने लांबवले आणि मी मात्र आमदारांना पिंजऱ्यात उभं केलं. शिवाय खासगी ठेवविमा अमेरिकेत आजही चालतो, मग तो वाईट कसा? आणि शेवटी, ‘आमदाराने पतसंस्थेवर संचालक असूच नये का?’ प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्दे बिनबुडाचे नाहीत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जोसेफ मोलिकोन चोर होता, यात वाद नाही. प्रॉव्हिडन्समधल्या हेरिटेज लोन अँड इन्व्हेस्टमेंट या छोट्या बँकेतून त्याने सुमारे १.३ कोटी डॉलर काढले, नोव्हेंबर १९९० मध्ये पळाला, पुढे ३० वर्षांची शिक्षा झाली. पण एका गल्लीतल्या बँकेची चोरी अख्ख्या राज्याच्या मुळावर यावी, हे कसं? १ जानेवारी १९९१ ला गव्हर्नर ब्रूस सनलन यांनी शपथ घेतली आणि त्याच दिवशी ४५ संस्थांना टाळं लावलं. त्यातल्या ३५ क्रेडिट युनियन. राज्याची लोकसंख्या जेमतेम दहा लाख, आणि गोठलेली खाती तीन लाखांच्या घरात. या सगळ्यांचा विमा ‘रिस्डिक’ या एकाच खासगी कंपनीकडे होता आणि तिच्या संचालक मंडळावर विमा घेणाऱ्या संस्थांचेच लोक होते. म्हणजे देखरेख करायची ती स्वतःवरच. हेरिटेजचा धक्का बसला तेव्हा रिस्डिकच्या तिजोरीत पुरेसे पैसे नव्हते, इतकंच.

आता आमदारांकडे येतो, कारण तुमचा राग तिथे आहे.

१९८५ मध्ये ओहायोत होम स्टेट ही बचतसंस्था बुडाली. तिथला खासगी विमा निधी त्याखाली दबला आणि गव्हर्नरना ७१ संस्था बंद कराव्या लागल्या. त्याच वर्षी मेरीलँडमध्येही तेच. ऱ्होड आयलंडच्या तेव्हाच्या ॲटर्नी जनरल आर्लीन व्हायोलेट (पूर्वाश्रमीच्या नन, बाई खमक्या) यांच्या कार्यालयाने रिस्डिकबद्दल इशारा दिला होता. केंद्र सरकारचा विमा सक्तीचा करण्याचं विधेयकही आलं. त्याचा कायदा झाला नाही. वार्तान ग्रेगोरियन यांच्या चौकशी आयोगाने १९९१ मध्ये हा सगळा इतिहास उकरून काढला, तेव्हा ‘कुणालाच कल्पना नव्हती’ असं म्हणायची सोय उरली नाही.

मी कुणी लाच खाल्ली असं लिहिलं नव्हतं. तेव्हा तिथल्या आमदाराला दिवसाला ५ डॉलर मिळायचे, तेही वर्षात जास्तीत जास्त ६० दिवसांचे. म्हणजे वर्षाचे ३०० डॉलर. एवढ्यात कुणाचं घर चालणार? त्यामुळे कुणी वकील, कुणी विमा एजंट, कुणी दुकानदार, आणि काहींचे क्रेडिट युनियनशी जवळचे संबंध. असा माणूस केंद्राच्या विम्याला विरोध करतो तेव्हा त्याला मनापासून वाटतही असेल की वॉशिंग्टनच्या तपासनिसांचा जाच आपल्या संस्थांना झेपणार नाही. मला हेच जास्त गंभीर वाटतं. लाचखोर निदान पकडता तरी येतो.

खासगी विम्याचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. ओहायोतली अमेरिकन शेअर इन्शुरन्स आजही काही राज्यांत क्रेडिट युनियनना विमा देते. पण तिच्यामागे अमेरिकी सरकारची हमी नाही, १९७० पासून चालत आलेल्या केंद्राच्या निधीमागे आहे. आणि राज्याची सनद असलेल्या संस्थेला खासगी विमा चालेल की नाही, हे ठरवतं त्या राज्याचं विधिमंडळच. फिरून गाडी तिथेच येते.

(आपल्याकडे नागरी सहकारी बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. ही ओळ पुढाऱ्यांच्या पतसंस्थेत पैसे ठेवणाऱ्या नातेवाइकांना जरूर पाठवा.)

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. संचालक असावं की. फक्त आपल्या संस्थेशी संबंधित विधेयक आलं की हितसंबंध जाहीर करून मतदानातून बाजूला व्हावं. ‘हे तर कायद्यात असेलच’ असं तुम्ही म्हणाल. ऱ्होड आयलंडच्या लोकप्रतिनिधींसाठीच्या आचारसंहितेत आजही एक पळवाट आहे: फायदा किंवा तोटा एखाद्या व्यवसायातल्या सगळ्यांनाच सारखा होणार असेल, तर त्या व्यवसायातल्या आमदाराच्या मतदानात हितसंबंधांचा संघर्ष धरला जात नाही. शिक्षक आमदाराने शिक्षकांच्या विधेयकावर मत द्यावं, एवढ्यापुरती ती समजण्यासारखी आहे. पण ठेवविम्याचं विधेयक तर सगळ्याच क्रेडिट युनियनना सारखं लागू होतं. म्हणजे संचालक आमदार त्या विधेयकाविरुद्ध बिनदिक्कत मत देऊ शकतो, तेही नियमात बसून. त्यात भर म्हणजे २००९ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सभागृहातल्या मतदानाबद्दल आमदारांवर कारवाई करण्याचा एथिक्स कमिशनचा (ही आचारसंहिता राबवणाऱ्या आयोगाचा) अधिकारच काढून घेतला. २०१६ मध्ये मतदारांनी सार्वमतात कौल देऊन तो परत दिला. पळवाट मात्र तशीच आहे.