‘रातच्यापुरतं करून दे’ म्हणणाऱ्या मेसेजला एका मिस्त्रीचं उत्तर

गेल्या पंधरवड्यात एक मेसेज आमच्या आर्वी तालुक्यातल्या बहुतेक ग्रुपवर फिरून आला. आधी गावाच्या, मग शेतकऱ्यांच्या, आणि शेवटी आम्हा मोटार-वायरिंगवाल्यांच्या ग्रुपवर. त्याचा आशय असा: हल्लीचे मिस्त्री माजले आहेत, शेतकरी अडलेला असताना ‘हे धोक्याचं आहे, मी करत नाही’ म्हणून मोकळे होतात. तात्पुरत्या कामात धोका असून असून किती असणार? मालक स्वतः जबाबदारी घेतो, लिहून देतो, मग मिस्त्रीचं काय जातं? यानं नाही केलं तर दुसरा करेलच. जुने मिस्त्री दोन तारा पिळून काम चालवायचे, तेव्हा कुठे काय झालं? आणि डोळ्यांसमोर पीक वाळत असताना नाही म्हणणं हे पाप आहे.

माझं मोटारी भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग नव्यानं गुंडाळायचं दुकान आहे, सोबत घरांची आणि विहिरींवरची वायरिंग करतो. हा मेसेज लिहिणाऱ्याचा राग मला समजतो, कारण त्याच्यासारखे रागावलेले लोक रोज माझ्या दुकानात उभे असतात. पण त्यातला एकेक मुद्दा चुकीचा आहे, आणि चुकीचा असूनही पटण्यासारखा आहे, म्हणून लिहायला बसलो.

आधी एक कबुली. तात्पुरती कामं मी करतो, भरपूर करतो. पाईप फुटला तर त्याला सायकलची ट्यूब आवळून बांधतो. स्टार्टरचा एखादा पॉइंट जळाला असेल तर घासून दोन दिवस चालेल असा करून देतो. केबल मधेच खराब झाली असेल तर तेवढा तुकडा कापून, जोड पाण्यापासून वर, खांबाला बांधून देतो. असं काम करून घ्यायला आलेल्या माणसाला मी कधी परत पाठवलं नाही. माझा प्रश्न एकच असतो: हे तात्पुरतं काम उद्या बिघडलं तर काय होईल? ट्यूब सुटली तर पाणी वाहून जाईल. पॉइंट गेला तर मोटार बंद पडेल. म्हणजे काम बिघडलं की काम थांबतं. असं असेल तर मी हात घालतो. पण बिघडल्यावर जे थांबत नाही, चालूच राहतं आणि हात लावणाऱ्याला धरतं, ते काम मी एका रात्रीसाठीही करत नाही.

आता ‘तात्पुरत्या कामात धोका किती’ या मुद्द्याकडे येतो. रब्बीत सगळ्यात जास्त येणारी मागणी म्हणजे, “रिले सारखा पडते भाऊ, रातच्यापुरतं डायरेक्ट मारून दे, उद्या नवा आणतो मी.” रिले पडतो म्हणजे रिले खराब, असं सगळे धरून चालतात. तो बहुतेक वेळा खराब नसतो. पाच एचपीची थ्री फेज मोटार पूर्ण लोडवर साधारण साडेसात अँपिअर घेते. डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा एक फ्यूज गेला आणि एक फेज कमी झाला की उरलेल्या दोन तारांवर जवळजवळ पावणेदोन पट करंट येतो. तो ताप ओळखून मोटार बंद करणं हेच रिलेचं काम. तो पडतो तेव्हा तो सांगत असतो की वर काहीतरी बिघडलंय. त्याला डायरेक्ट करणं, म्हणजे त्याला वगळून लाईन थेट मोटारीला देणं, हे राखण करणारं कुत्रं भुंकतं म्हणून त्याचं तोंड बांधण्यासारखं आहे. मोटार मग जळते, आणि वाइंडिंगचं इन्सुलेशन गेलं की लाईन मोटारीच्या अंगावर येते. अर्थिंग असेल तर निदान फ्यूज तरी उडण्याची आशा असते. पण आपल्याकडे किती विहिरींवर अर्थिंगची तार जागेवर आहे, हे प्रत्येकानं स्वतःच्या विहिरीवर जाऊन पाहावं. आणि किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजच्या डबीत, फ्यूजच्या तारेऐवजी सर्व्हिस वायरची जाड ॲल्युमिनियमची काडी घातलेली असेल, तर तोही उडत नाही.

‘तात्पुरतं’ या शब्दावरचा माझा विश्वास कसा उडाला, तेही सांगतो. 2011 च्या जुलैमधली गोष्ट. सोयाबीन नुकतं उगवलं होतं, रोही आणि रानडुकरं रात्रभर शेतात. एका ओळखीच्या काकांना जागलीसाठी, म्हणजे रात्री पीक राखायला, शेतातल्या माळ्यावर (मचाणावर) बल्ब हवा होता. त्यांच्या विहिरीवर मोटारीसाठी तीन फेज आले होते, न्यूट्रल, म्हणजे करंटची परतीची तार नव्हती. मी तेव्हा नवा होतो आणि सगळे करत तेच मी केलं: एक फेज बल्बला दिला, बल्बची दुसरी तार ओल्या जमिनीत ठोकलेल्या लोखंडी सळईला गुंडाळली. बल्ब लख्ख लागला. “आठ दिवसांचं काम आहे,” काका म्हणाले. मीही तेच म्हणालो.

तो बल्ब पुढच्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत तिथेच होता. चालतंय म्हटल्यावर कोण काढतो? सळईवरची तार गंजली आणि सुटून गवतात पडली. बल्ब विझला. बघणाऱ्याला वाटतं बल्ब उडाला किंवा लाईन गेली. प्रत्यक्षात फेज बल्बच्या आतल्या बारीक तारेतून पार होऊन त्या सुटलेल्या टोकापर्यंत आलेला असतो. फक्त जमिनीत जायला वाट नसते म्हणून उजेड पडत नाही. ती वाट त्यांच्या तांबड्या बैलानं दिली. ओल्या गवतात त्याचा पाय त्या तारेवर पडला आणि तो जागीच कोसळला. बैल घेऊन येणारा त्यांचा सातवीतला मुलगा चार पावलं मागे होता. त्या वर्षी पोळ्याला त्यांच्या दारात एकच बैल उभा राहिला. काका मला एका शब्दानं बोलले नाहीत. मी आजही त्या रस्त्यानं जाताना त्या माळ्याकडे बघू शकत नाही.

मेसेज लिहिणाऱ्यानं ‘तात्पुरतं’ या शब्दाला मुदत आहे असं धरलंय. मुदत नसते. जे चालतंय ते कायमचं होतं, आणि मिस्त्रीला पुन्हा बोलावणं येतं ते काहीतरी झाल्यावर.

‘मालक जबाबदारी घेतो’ हा दुसरा मुद्दा. कोणाची जबाबदारी घेतो तो? रात्री दोनला थ्री फेज येतो तेव्हा विहिरीवर जाऊन हिरवं बटण कोण दाबतं? बहुतेक ठिकाणी सालदार. ओल्या बांधावर, अनवाणी, एका हातात टॉर्च. त्यानं कुठे सही केलेली असते? दिवसा निंदणाला आलेल्या बाया मोटारीजवळच्या टाक्यावर हात धुतात, त्यांना कोणी विचारलं होतं? मालकाला स्वतःच्या जिवाची जोखीम घ्यायची असेल, पण तो घेतो ती दुसऱ्याच्या जिवाची, आणि मी तार जोडून दिली की त्यात माझा हात असतो.

कायद्यातही त्या कागदाला काही किंमत नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम 106 प्रमाणे निष्काळजीपणानं कोणाचा जीव गेला तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. जुन्या भारतीय दंड संहितेच्या 304 अ मध्ये ती दोन वर्षांपर्यंत होती. विजेचा अपघात झाला की विद्युत निरीक्षक चौकशीला येतो. तो तारा कशा जोडल्यात ते पाहतो. ‘मी माझ्या जबाबदारीवर करून घेतलं’ ही चिठ्ठी मेलेल्या सालदाराच्या बायकोपुढे कोण वाचून दाखवणार?

जुने मिस्त्री असंच करायचे, हे खरं आहे. पण तेव्हा घरात काय होतं? दोन बल्ब, एक पंखा. आज त्याच पिळलेल्या जोडावर फ्रिज आहे, आट्याची छोटी चक्की आहे आणि कूलर आहे. करंट दुप्पट झाला की जोडातली उष्णता चौपट होते, आणि तांब्याची तार ॲल्युमिनियमला नुसती पिळलेली असेल तर तो जोड आधीच आतून खराब होत असतो. राहिलं ‘काही झालं नाही’ हे. ज्यांच्या घरी झालं ते असले मेसेज पाठवत नाहीत.

कूलरचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो, कारण आपल्या विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की सगळ्यात जास्त जुगाड कूलरवरच होतात. लोखंडी पत्र्याचं अंग, आत पाणी, पाण्यात बुडालेला पंप, आणि पिनटॉपची (प्लगची) तिसरी, अर्थिंगची पिन तोडून दोन पिनांवर लावलेलं कनेक्शन. पंपाची तार उंदरानं कुरतडली की लोक म्हणतात, “टेप मारून दे, दुपार निघाली पाह्यजे.” टेप ओला होतो. बाई एका हातानं कूलरचं झाकण धरते, दुसऱ्या हातानं बादली ओतते, पायाखाली सांडलेलं पाणी. एमसीबी आहे म्हणून लोक निश्चिंत असतात. सहा अँपिअरचा एमसीबी सहाच्या पुढे गेल्यावर पडेल. माणूस त्याच्या शंभराव्या हिश्श्यातही जातो. साठ वॉटचा बल्ब लागायला पाव अँपिअर लागतो, माणसाचं हृदय बिघडवायला त्याहून कितीतरी कमी पुरतो. म्हणून घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा, तो अंगातून जाणारा करंट ओळखून क्षणात लाईन तोडतो. टेप मारायच्या कामाला मी नाही म्हणतो ते याच्यासाठी. पंप बदलायला अर्धा तास लागतो. अंगणात झाडाखाली बसूनही अर्धा तास काढता येतो.

‘तू नाही तर दुसरा करेल’ यावर माझं म्हणणं थोडक्यात. हो, काही वेळा करेल. पण नुसतं नाही म्हणून हाकलून न देता कारण सांगितलं, टाँग टेस्टर (तारेभोवती धरून करंट मोजायचं यंत्र) लावून तिन्ही तारांचे आकडे दाखवले, की निम्म्याहून जास्त लोक थांबतात, हा माझा अनुभव आहे. शिवाय आमच्या बाजारातल्या चार मिस्त्र्यांनी मिळून ठरवलंय की काही कामं कोणीच करायची नाहीत: रिले डायरेक्ट, सळईवरचा बल्ब, डीपीवर चढून जंपर किंवा फ्यूज बसवणं, आणि शेताच्या कुंपणाच्या तारेत लाईन सोडणं. डीपीचं काम महावितरणच्या माणसाचं, लाईन बंद करण्याचं परमिट घेऊन. एबी स्विच, म्हणजे डीपीची लाईन तोडणारा खांबावरचा स्विच, खाली ओढला तरी एखादं पातं चिकटून राहू शकतं, आणि वरच्या बाजूला 11,000 व्होल्ट असतात. कुंपणाच्या तारेनं आपल्या भागात माणसंही मेली आहेत आणि वाघही. डुकरांसाठी झटका मशीन मिळतं, ते बॅटरीवर चालतं, थांबून थांबून क्षणभराचा झटका देतं, जनावर पळतं पण मरत नाही. ते मशीन बसवून द्यायला आम्ही चौघंही रात्री-बेरात्री येतो.

उरला पापाचा मुद्दा. हा मला सगळ्यात जास्त लागला, कारण मीही शेतकऱ्याचाच मुलगा आहे. हरभरा फुलावर आलेला, आठवड्याचा फेरा असा की कधी दिवसा काही तास लाईन, कधी रात्री, आणि नेमकी आपली पाळी आली तेव्हा मोटार बंद. त्या माणसाच्या पोटात काय होतं ते मला सांगायला नको. त्याला मी ‘नियमात बसत नाही’ एवढंच सांगून घरी पाठवलं तर मेसेज लिहिणारा बरोबर आणि मी चूक.

पण नाही म्हणणं आणि सोडून देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिले पडत असेल तर आधी मी विहिरीवर जातो, व्होल्टेज बघतो. फेज कमी असेल तर वायरमनला फोन लावतो, आणि तो येईपर्यंत मोटार चालवू देत नाही. स्टार्टर गेला असेल तर मी दुकानात दोन जुने पण पूर्ण दुरुस्त केलेले स्टार्टर ठेवले आहेत, रिलेसकट. ते आठ दिवस फुकट वापरायला देतो. मोटारच जळाली असेल तर ती भरून होईपर्यंत शेजारच्या विहिरीवरून पाईप टाकून त्यांच्या तुषार संचावर एक रात्र मागून घेतो. शेजारी बोलत नसतील तर मी जाऊन बोलतो, आणि आजवर पाण्यासाठी नाही म्हणणारा शेजारी मला क्वचितच भेटला. डिझेल इंजिन ज्यांच्याकडे अजून आहे अशी घरं प्रत्येक गावात निघतात. यातलं काहीच जमलं नाही अशा रात्रीही आल्या आहेत. दोन-तीनदा पिकाला पाणी एक दिवस उशिरा पोचलं आणि शेतकरी माझ्यावर रुसला. त्या रुसण्याचं मला वाईट वाटतं, पण त्या रात्री मी काय केलं याचं वाईट वाटत नाही.

आणखी एक. ऑटो स्विच. लाईन आली की मोटार आपोआप सुरू व्हावी म्हणून तो लावून घेतात, रात्री उठावं लागू नये म्हणून. महावितरण वर्षानुवर्षं तो काढा आणि कॅपॅसिटर लावा म्हणून सांगतंय, कारण सगळ्या मोटारी एकदम उठल्या की डीपी जळतो. मी आणखी एका कारणानं काढायला सांगतो: लाईन नाही म्हणून कोणीतरी मोटारीच्या तारांत हात घालून बसलेला असतो, आणि त्याच क्षणी लाईन येते.

आत्ता माझे दोन्ही स्टार्टर बाहेर आहेत. एक नदीकाठच्या शेतावर, गव्हासाठी. तो सोमवारी परत यायचा आहे. दुसरा हा मेसेज मला ज्यांनी पाठवला त्यांच्याच विहिरीवर लावलाय. कोणाला लागला तर बाजाराच्या दिवशी दुकानावर या, सोमवारी येणारा पहिल्या येणाऱ्याला मिळेल.