माशांचं पाणी

आमच्या लिफ्टमध्ये कालपासून नोटीस चिकटवलेली आहे : ‘काही सभासद पाळीव प्राण्यांच्या चैनीखातर पाण्याची नासाडी करीत आहेत.’ काही सभासद म्हणजे मी एकटा. पाळीव प्राणी म्हणजे तीन फुटी टाकीतले माझे डिस्कस मासे आणि चैन म्हणजे बाल्कनीच्या भिंतीला ठोकलेलं आरओ.

पुण्यातल्या आमच्या भागात उन्हाळ्यात नळाला येतं ते टँकर आणि बोअरचं संयुक्त उत्पादन. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचा मीटर बुडवला की 780 च्या आसपास दाखवतो. असल्या पाण्यात माझे डिस्कस काळवंडतात, कोपऱ्यात तोंड घालून बसतात आणि खाणं सोडतात. म्हणून आरओ. म्हणजे आधी स्पन, गाळ अडवणारा फिल्टर, बदला, तो चिखलाच्या रंगाचा होतोच. मग क्लोरीननं मेम्ब्रेन, म्हणजे क्षार अडवणारा पडदा, खायच्या आत क्लोरीन शोषणारा कार्बन फिल्टर बदला. आलेलं पाणी फारच शुद्ध म्हणून त्यात थोडं नळाचं परत मिसळा. हे सगळं करून दर रविवारी टाकीतलं पाव पाणी बदलायचं. बायको म्हणते, एवढं माझ्या माहेरच्यांचं केलं असतंत तर. असो.

तर परवाच्या रविवारी तिसऱ्या मजल्यावरचे काका बादली आणि मोबाइल घेऊन थेट बाल्कनीत आले. निवृत्त इंजिनिअर आहेत. निवृत्त झाल्यापासून जास्तच इंजिनिअर आहेत. आरओच्या रिजेक्टचा, म्हणजे वाया जाणाऱ्या पाण्याचा, पाइप त्यांनी स्वतःच्या बादलीत सोडला, मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं आणि माझ्या खुर्चीत बसले.

“एक लिटर चांगलं निघायला किती वाया जातं?”

“तीनेक लिटर.”

“चारातले तीन! अहो, मासे नदीत काय आरओ लावून राहतात?”

मी म्हटलं, हे मूळचे अॅमेझॉनच्या खोऱ्यातले. तिथल्या रिओ निग्रो नदीच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच.

“ती ब्राझीलमध्ये. आपण कुठे राहतो?”

“पुण्यात.”

“मग पुण्यातले मासे पाळा.”

आजच्या मुठेतून नेमकं काय काढून पाळायचं, ते काकांनी सांगितलं नाही. बादली भरत होती. त्यांनी दुसरा मुद्दा काढला. “बरं, एक मासा दिवसाला पितो किती?”

इथे मी गप्प बसायला हवं होतं, पण विषय माझ्या आवडीचा. म्हटलं, “गोड्या पाण्यातला मासा पाणी पीत नाही म्हटलं तरी चालेल. त्याच्या रक्तात क्षार जास्त, बाहेर कमी. त्यामुळे पाणी कल्ल्यांतून आपोआप आत शिरतं. ते बाहेर टाकायला त्याला सारखी लघवी करावी लागते. समुद्रातल्या माशाचं उलटं, तो पितो.”

काकांनी स्टॉपवॉच थांबवलं.

“म्हणजे चार लिटरमधलं तीन लिटर तुम्ही फेकता. उरलेलं एक लिटर माशांना देता. ते ते पीतसुद्धा नाहीत. नुसते त्यात लघवी करतात?”

शास्त्रीयदृष्ट्या यात खोडून काढण्यासारखं काहीच नव्हतं.

जाताना त्यांनी राष्ट्रीय हरित लवादही काढला. 2019 साली लवादाने म्हटलंय, टीडीएस 500 च्या खाली असेल तिथे आरओला बंदी घाला. मी म्हटलं, काका, आपलं 780 आहे. तर म्हणाले, “ते माणसांसाठी.”

खरी चीड यायची ती इथे. या बिल्डिंगमध्ये आरओ नसलेलं एक स्वयंपाकघर दाखवा. प्रत्येकाचा तो बारीक पांढरा पाइप सिंकमध्ये गुपचूप सुटलेला असतो आणि वीस लिटर पिण्यासाठी त्याच्या कितीतरी पट गटारात जातं, रोज. त्याची नोटीस नाही, कारण ते दिसत नाही. माझा पाइप बाल्कनीत, म्हणून मी नासाडीखोर. आणि मी तर रिजेक्ट ड्रममध्ये भरून फरशी पुसायला, संडासात टाकायला वापरतो. टँकरवाल्याला पैसे मोजून 780 चं पाणी का घ्यायचं, हे मात्र जनरल बॉडीत कुणी विचारत नाही. तिथे दोन तास पार्किंगवर भांडतात आणि वडा खाऊन घरी जातात.

शेवटी सेक्रेटरींनी तोडगा काढला : माझं रिजेक्ट काकांनी गाडी धुवायला न्यायचं. काकांनी काल ड्रम रिकामा करून नेलाही. क्षार आधीच ठासून भरलेले, त्यात मेम्ब्रेननं मागे ठेवलेलेही मिसळलेले. मीटर हजाराच्या वर दाखवत होता. मी सांगायला गेलो, तर म्हणाले, “इंजिनिअरला शिकवू नका.”

आज सकाळी बेल वाजली. काकांची काळी गाडी उन्हात वाळून पांढऱ्या ठिपक्यांनी भरली होती. मला वाटलं, नुकसानभरपाई मागणार. काकांनी नुसती बादली पुढे केली आणि आवाज खाली आणून म्हणाले, “ते माशांचं असतं ना, चांगलं, त्यातलं देत जा. रविवारी एक बादली. पण नोटीस राहू दे हं, बाकीच्यांसाठी.”